सीमाकट्ट्याचा सातवा नियम

"माधवीबाई, माझ्या लेकीनं म्हाताऱ्या माणसाला काय लिवलंय ते मला दाखवा. मग तिचं काय करायचं ते मी ठरवतो."

शनिवारी सकाळी हा फोन आला आणि माधवीचा चहा तसाच राहिला. पलीकडं निपाणीचे आण्णासाहेब होते. तंबाखूचे व्यापारी, जुन्या वळणाचे. आवाज जराही चढलेला नव्हता, आणि त्याचीच तिला जास्त धास्ती वाटली.

"काका, मेसेजचा फोटो आहे माझ्याकडं. पाठवते."

"पाठवू नका, या. तिचा लॅपटॉप मी कपाटात कुलपात ठेवलाय. बंगळूरची ठरलेली नोकरीबी बंद. मोठ्यांना असं बोलणारी पोरगी मी परगावी धाडणार न्हाय."

फोन ठेवला आणि माधवीनं कपाळाला हात लावला. हे लचांड तिनंच स्वतःच्या गळ्यात बांधून घेतलं होतं.

सीमाकट्टा म्हणजे बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या चारेकशे संगणकवाल्यांचा ऑनलाइन ग्रुप. चार वर्षांपूर्वी तो नागेंद्रनं काढला. नागेंद्रचं बेळगावच्या खडेबाजारात मोबाईल आणि संगणक दुरुस्तीचं दुकान. सगळे त्याला अण्णा म्हणत. ग्रुपवाले मिळून एक फुकटचं ॲप बनवत होते. सरकारी कन्नड फॉर्मचा फोटो काढायचा, की ॲप तो मराठीत वाचून दाखवणार. कन्नड न वाचता येणाऱ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांची केवढी तरी सोय. त्यातलं अवघड काम सगळं आण्णासाहेबांच्या ब्राह्मीनं केलेलं. वय तेवीस.

काम झकास, पण भांडणं रोजची. शेवटी बेळगावात कॉलेजवर संगणक शिकवणाऱ्या माधवीनं वागणुकीचे नियम लिहायला घेतले. तीन महिने डोक्याला ताप. कुणी म्हणे, आधी शिवी कशाला म्हणायचं ते ठरवा. कुणी म्हणे, आम्ही मित्र आहोत, आम्हाला चालतं. कसेबसे सहा नियम ठरले आणि नागेंद्र सातवा घेऊन आला: वडीलधाऱ्या सभासदाचा अपमान केला तर ताकीद न देता बाहेर, आणि सात दिवसांत खुलासा पटला नाही तर कायमचं बाहेर.

"माणसाच्या वयाला मान नको का?" असं त्यानं विचारलं आणि तीनशे जणांनी अंगठे वर केले. माधवीला तो नियम पटला नव्हता. पण ती इतकी वैतागली होती, की म्हणाली, घाला एकदाचा.

गेल्या सोमवारी पहिली तक्रार आली ती त्याच नियमाखाली. तक्रार बेळगुंदीच्या यल्लाप्पा आप्पांच्या नावानं. आप्पा निवृत्त पोस्टमन, गावातल्या म्हाताऱ्यांना जमवून ॲप तपासून बघणारे. सोबत मेसेजचा फोटो. वर ब्राह्मीचं नाव, ब्राह्मीचा चेहरा, रविवार संध्याकाळ, आठ वाजून वीस मिनिटं.

"तेच तेच तीनदा विचारता. तुमच्यासारख्या अडाण्यांना शिकवायला मी बसलेली नाही. जेवतेय आता. परत त्रास देऊ नका."

माधवीनं पंधरा मिनिटांत ब्राह्मीला काढलं, आणि का काढलं ते चारशे जणांपुढं लिहिलं. ब्राह्मीकडून एकच ओळ आली: "हे मी लिहिलेलं नाही." सगळे असंच म्हणतात, असं म्हणून माधवी पुढच्या कामाला लागली.

आता मुदत उद्या संध्याकाळी सहापर्यंत. त्याच वेळी ॲपचा प्रमुखही निवडायचा होता. ब्राह्मी बाद झाल्यानं दोनच नावं उरली होती. एक नागेंद्र आणि दुसरा ब्राह्मीचा चुलतभाऊ श्रेयांस.

निपाणीच्या बसमध्ये बसल्यावर माधवीनं सौरवला फोन लावला. सौरव खानापूरचा, नोकरीला पुण्यात, फाटक्या तोंडाचा. नियम झाल्यापासून दोन ताकिदी एकट्यानं कमावलेल्या.

"सौरव, सरळ विचारते. तू ब्राह्मीच्या नावानं काही केलंयस?"

"मॅडम, मला शिवी द्यायची असली की मी माझ्या नावानं देतो. दोनदा दिलीय, तुमच्याकडं नोंद आहे."

हे मात्र खरं होतं. माधवीनं फोन ठेवला.

निपाणीत पोचेपर्यंत चार वाजून गेले. घराच्या पुढच्या सोप्यात आण्णासाहेब, शेजारी श्रेयांस, आणि भिंतीला टेकून ब्राह्मी. तिचे डोळे सुजलेले होते, पण रडणं संपून आता राग उरला होता.

"आक्का, तुम्ही आप्पांचा फोन बघितला?" तिनं पहिल्यांदा हेच विचारलं.

"नाही. फोटो आला होता."

"फोटो! नाव आणि चेहरा कुणीपण लावतंय. तुम्ही पोरांना हेच शिकवता न्हवं कॉलेजात?"

चारशे संगणकवाले, आणि एकालाही शंका येऊ नये? दुसऱ्यांचं सोडा, तिला स्वतःला आली नव्हती. तिला स्वतःचाच भयंकर राग आला.

"आप्पांशी तू कधी बोललीस?"

"कधीच न्हाय. त्यांचा नंबरपण न्हाय माझ्याकडं."

"श्रेयांस, ब्राह्मी बाद झाली तर तुझा फायदा आहे."

श्रेयांस उसळला. "व्हय, हाय की. म्हणून बहिणीचं नाव खराब करू? मला प्रमुख व्हायचंय आक्का, पण असं न्हाय."

तेवढ्यात आतून ब्राह्मीच्या आई, त्रिशलाबाई आल्या. "बोलणं मग करा. पानं वाढल्यात, उठा. दिवस मावळायच्या आत आटपायला पायजे."

"एवढ्यात? साडेपाच तर झालेत," माधवी म्हणाली.

"आमच्या जैनांत अंधार पडल्यावर तोंडात कायबी घालत न्हायत. ही तर कॉलेजच्या वसतिगृहातबी पाळायची."

माधवी पाटावर बसली. समोर झुणका, ज्वारीची भाकरी, ताक. पहिला घास तोंडात गेला आणि ती थांबली. तिनं फोन काढून तो फोटो पुन्हा बघितला. मग शेजारच्या ताटाकडं बघितलं. श्रेयांसही मान खाली घालून भराभर जेवत होता.

"काका, मला उद्या संध्याकाळपर्यंत वेळ द्या," ती म्हणाली. "मी चूक केलीय असं वाटतंय."

आण्णासाहेबांनी नुसती मान हलवली.

रविवारी सकाळी ती बेळगुंदीला गेली. यल्लाप्पा आप्पा अंगणात काजूच्या बिया वाळत घालत होते. त्यांच्या बायकोनं, राजाबाईंनी पाणी आणून दिलं. आप्पांचं तोंड उतरलेलं होतं.

"माझ्यामुळं पोरीला काढलं म्हणं. मी काय काढा म्हनलो न्हवतो गं."

"आप्पा, तक्रार तुम्ही लिहिली?"

"मला कुठं लिवाय येतंय त्येच्यावर. मी आपला बोलून धाडतो. तक्रार लिवून दिली मला."

"मेसेज दाखवा बघू."

तिनं खात्यावर टिचकी मारली. नाव ब्राह्मीचं, फोटो ब्राह्मीचा, पण ते खातं सीमाकट्ट्यावर नव्हतंच. आदल्याच आठवड्यात उघडलेलं, आणि त्यावरून आजवर एवढा एकच मेसेज गेलेला. सात दिवस हे आप्पांच्या खिशात पडून होतं आणि कुणी बघायला आलं नव्हतं.

"तीनदा विचारता, असं लिहिलंय. तुम्ही काय विचारलं होतं तीनदा?"

आप्पा घरात बघून हळू आवाजात बोलायला लागले. "हिच्या पेन्शनचा फॉर्म. ॲप घराचा लंबर चुकीचा वाचतंय. तीनदा बाजारला दुकानात गेलतो, तीनदा विचारून आलो. दर खेपंला डोक्यातनं जातंय बघ. हिला सांगितलंय, फॉर्म कवाच भरला म्हणून. लाज वाटती."

"ग्रुपवर विचारलं नाही?"

"चारशे लोकांत? न्हाय गं पोरी."

कुठल्या दुकानात, हे माधवीनं विचारलं नाही. आप्पांचं खातं कुणी उघडून दिलं, तेवढं मात्र विचारलं. उत्तर ऐकलं आणि तिचं डोकं तापलं.

संध्याकाळी पाचला व्हिडिओ कॉल. पडद्यावर सहा चौकोन: माधवी, नागेंद्र, सौरव, यल्लाप्पा आप्पा, श्रेयांस, आणि आईच्या फोनवरून ब्राह्मी. तिच्या मागं आण्णासाहेब हाताची घडी घालून उभे होते.

"खुलासा पटला का, एवढंच ठरवायचंय," नागेंद्र म्हणाला. "पोरगी गुणी आहे, पण नियम तो नियम."

"खुलासा ब्राह्मीचा नाही, माझा आहे," माधवी म्हणाली. "मेसेज रविवारी संध्याकाळी आठ वीसचा. लिहिणारी म्हणते, जेवतेय. ब्राह्मीच्या घरी त्याआधी दोन तास ताटं घासून पालथी पडलेली असतात. ज्यानं तिच्या नावानं हे लिहिलं त्यानं तिला कामाला लावलं, तिचं काम वापरलं, पण ती कशी राहते हे कधी विचारलं नाही. श्रेयांस असता तर ही चूक झाली नसती. त्याचं स्वतःचं ताट त्याच वेळी वाढतात."

श्रेयांसनं मान डोलावली. माधवी पुढं बोलत राहिली.

"सौरववर माझा संशय होता. पण तो पुण्यात, आणि आप्पांचा नंबर त्याला दिसतच नाही. आप्पांचा नंबर ग्रुपवर कुणालाच दिसत नाही. तशी सोय खातं उघडून देणाऱ्यानं करून ठेवलीय. आणि आप्पांनी तीनदा एकच गोष्ट विचारली, हे घरी राजाबाईंनाही माहीत नव्हतं. ते फक्त खडेबाजारातल्या एका दुकानात माहीत होतं. त्याच दुकानात सोमवारी आप्पा फोन घेऊन गेले, आणि त्यांच्या नावानं तक्रार लिहिली गेली. आप्पा, कुणी लिहिली?"

"नागेंद्रनं," आप्पा म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते. "नागेंद्रा, मला अडाणी तू म्हनलास व्हय रं?"

नागेंद्रनं नजर वळवली. दुकानातला पंखा त्याच्या मागं फिरत होता.

"सातवा नियमही तुमचाच अण्णा," माधवी म्हणाली. "ताकीद नाही, चौकशी नाही. तेव्हा मला कळायला हवं होतं."

"चार वर्षं मी हे सांभाळलं," नागेंद्र घोगऱ्या आवाजात म्हणाला. "आणि ही काल आलेली पोरगी सगळ्यांसमोर लिहिते, अण्णा, ॲपमधला तुमचा भाग चालत नव्हता म्हणून काढून टाकला."

"चालत न्हवताच की," ब्राह्मी म्हणाली. "आणि अण्णा म्हणूनच लिहिलं होतं मी."

नागेंद्रनं हात जोडले. "आप्पा, चुकलं माझं. तुमच्या पाया पडतो. माझं नाव मागं घेतो."

आप्पांनी डोळे पुसले. सगळ्यांना हायसं वाटलं. तेवढ्यात दोन ताकिदीवाला सौरव बोलला. "आप्पांची माफी झाली. हिची कोण मागणार?"

"ती लहान आहे," एवढं बोलून नागेंद्रचा चौकोन गेला.

माधवीच्या अंगाचा तिळपापड झाला. सहा वाजायला बारा मिनिटं होती. तिनं ब्राह्मीला परत आत घेतलं, नागेंद्रला काढलं आणि सातवा नियम पुसून टाकला. आण्णासाहेब चौकोनातून दिसेनासे झाले आणि लॅपटॉप घेऊन परत आले. लेकीच्या मांडीवर त्यांनी तो ठेवला. "बंगळूरला कधी जायचंय ते सांग," एवढंच म्हणाले.

"ब्राह्मी," माधवी म्हणाली, "माझं चुकलं. न विचारता काढलं तुला. माफ कर."

ब्राह्मीनं लॅपटॉप उघडला आणि मग कॅमेऱ्याकडं बघितलं.

"इथं आपण पाचच जण आहोत, आक्का. मला काढलं तेव्हा तुम्ही चारशे जणांपुढं लिहिलं होतं."

माधवीनं मान हलवली, ग्रुप उघडला आणि माफीनाम्यात सर्वांत वर स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं.