शेवटचं ताट

शीतल वाघमोडेच्या कानामागे हरभऱ्याएवढा भावमापी बसवलेला असे. समोरच्या माणसाचा श्वास, आवाजातला कंप, त्वचेची ऊब टिपून तो तिच्या कानात कुजबुजायचा: राग, दुःख, भीती. मनोरुग्णालयातल्या सगळ्याच परिचारिकांना आता तो लावावा लागे. पूर्वीच्या सिस्टर खाटेच्या कडेवर टेकून निवांत बोलत बसायच्या. तेवढी सवड आता कुणाला उरली नव्हती.

सुनंदाताई कुलथे दोन दिवस जेवल्या नव्हत्या. आजही घास घेतला नाही, तर दुपारी डॉक्टर नाकातून नळी घालणार होते. मागच्या खेपेला त्यासाठी हात बांधावे लागले होते, आणि पुढे कित्येक दिवस ताई कुणाशी बोलल्या नव्हत्या.

"भीती," भावमापी कुजबुजला.

"ताई, भीती वाटतेय ना तुम्हाला?"

"तुला सगळं आधीच कळतं. मग मी कशाला तोंड उघडू?" ताई भिंतीकडे वळल्या.

शीतल घुटमळली. मग तिने भावमापी काढून खिशात टाकला आणि स्टूल ओढून ताईंच्या न शिवलेल्या ताटाजवळ बसली.

"दुधीची भाजी आवडत नाही?"

"चूक."

"मुलांची आठवण येते?"

"मला मूलबाळच नाही गं." ताईंच्या ओठांची कड हलली. "तुला नर्स कुणी केलं?"

"आईपण हेच विचारते. आता तुम्हीच सांगा."

बराच वेळ ताई पदराशी चाळा करत राहिल्या.

"जन्मभर खाणावळ चालवली मी. शेवटचा माणूस हात धुऊन उठेपर्यंत कधी घास घेतला नाही. इथे पहिलं ताट माझ्यापुढे. मागे कुणी उपाशी राहिलं तर?"

"एव्हाना सगळे जेवलेत, ताई."

"आणि तू?"

शीतल उठली, आपला डबा घेऊन आली आणि त्यांच्यासमोर भराभर जेवू लागली.

"सावकाश. मी काही पळून जात नाही."

तिने हात धुतल्यावर ताईंनी ताट पुढे ओढलं. आमटीभात कालवला. एक घास, मग दुसरा.

दारातून मेट्रनबाई बघत होत्या. त्यांचे डोळे भरून आले. "छान केलंस, शीतल. हे कारण मी सगळ्यांच्या भावमापीत भरून ठेवते. पुढच्या सिस्टरला विचारत बसायला नको."

ताईंचा हात ताटातच थांबला.

"म्हणजे उद्यापासून मला कुणी काही विचारणारच नाही?"