जांभळाचा घेर

बसा रं. हे काय इकडनं तिकडनं ऐकलेलं न्हाय. आपल्या खासबागच्या लतिकाचा नवरा सुहास, कॉलेजात पोरांना वनशास्त्र शिकवतो, त्याच्यावर गुदरलेलं हाय.

गेल्या मार्गशीर्षातली अमावस्या, शुक्रवार. पोरांना घेऊन गेलता जांबोटीच्या रानात. झाडं वळखायची, छातीएवढ्या उंचीवर टेप लावून खोडाचा घेर मोजायचा, असलं काम. त्याचं म्हणणं, फळ्यावर झाड काढून काय कळत न्हाय, हात लावाय लागतोय. पोरं खुशीत हुती. दिवस मावळाय आला तशी सगळी गाडीकडं निघाली. वाटेत एक लई मोठं जांभूळ लागलं. सुहास म्हणला, "एवढं मोजू, मग जाऊ."

टेपचं एक टोक त्यानं खोडाला दाबून धरलं. बाकीचा टेप घेऊन रचना नावाची पोरगी वळसा घालाय गेली. खोडामागं दिसेनाशी झाली. टेप सरकत हुता... सरकतच हुता...

"रचना, झालं का गं?"

"आले सर. थोडंच राहिलंय."

आवाज मागनंच. टेप कवाच संपाय पायजे हुता.

सुहासनं युवराज नावाच्या पोराला बघाय धाडलं. त्यो वळसा घालून आला. तोंड पांढरंफटक.

"सर, मागं कोणच न्हाय."

"आणि टेप?"

युवराजनं खोडाकडं बोट केलं. टेप अजून सरकतच हुता...

पोरं हाका मारून दमली. मोबाईलला रेंज न्हाय. दोघं पळत गेली, गावातनं माणसं आली, बॅटऱ्या आल्या. सगळं रान पालथं घातलं. सुहास तिथंच. टेप ओढायची भीती. सोडायची त्याहून भीती. मधनंच हाक मारायचा. खोडामागनं तेच...

"आले सर."

मला सांगताना रडला रं. म्हणला, "आप्पा, मी नुसता धरून उभा होतो. दुसरं काय करणार होतो?"

फटफटलं. टेप सैल पडला. खोडाच्या दुसऱ्या बाजूनं रचना आली. हसत.

"चला सर, अंधार पडायच्या आत गाडी गाठू."

नीलम, तिची मैत्रीण, तिनं तिला धरून खाली बसवलं. पायातले बूट काढले. या सहलीसाठी म्हणून नवेकोरे घेतलेले...

तळ झिजून आरपार गेलते.