परक्याची काठी

तिसऱ्यांदा माझी खुणेची काठी जागेवर नव्हती. गुडघाभर समुद्रात उभी राहून मी चक्क ओरडले. आणि काठीचोर दहा पावलांवरच होता... माझी काठी हातात घेऊन!

"ही तुमची?"

"नाही, समुद्राला फुटली! अहो, पर्यावरण शास्त्रज्ञ आहे मी. दर पंधरवड्याला याच जागेचं समुद्रगवत मोजते. जागा हरवली तर वर्षाची मेहनत वाया!"

"पण हा समुद्र आमचा आहे," तो शांतपणे म्हणाला. "इथे परक्याची काठी राहत नाही. बाबांना चालत नाही."

केर्केना बेटांवर हे असंच. उथळ समुद्राचे तुकडे वडिलोपार्जित. त्यात खजुराच्या झावळ्यांचं कुंपण रोवून मासे अडवायचे. आणि मी स्फॅक्स शहरातली शहाणी, खुणेला खजुराचाच दांडा रोवून बसले होते, जणू त्या तुकड्यावर हक्कच सांगत होते! चूक माझीच, म्हणून तर जास्त चिडचिड झाली.

त्याचं नाव शाकेर. मग तोडगा निघाला: मी यायच्या दिवशी तो काठी रोवायचा, मी गेले की उपटायचा.

"हीच जागा कशावरून?" मी वैतागायचे.

"तुमचं स्वयंपाकघर तुम्हाला अंधारात सापडतं ना?"

मोजून बघितलं तर वीतभरही फरक नसायचा. याचाही राग यायचा.

"दिवसभर गवत मोजून मिळतं काय, ओल्फाबाई?"

"आज चार नवे कोंब!"

"त्यावर एवढं हसू?"

"मासे लहानपणी यातच लपतात. हे वाढलं तर तुमचे मासेही वाढतील."

त्याने पाण्यात डोकं घातलं. बराच वेळ... "सहा आहेत. दोन राहिले तुमचे."

सहाच होते. असा माणूस आवडावा, याचा मला भयंकर संताप आला.

शेवटच्या मोजणीआधी वादळ झालं. धावतपळत पोचले तर त्यांचं सगळं कुंपण आडवं झालेलं, आणि माझी काठी उभी! या वेळी त्याने ती उपटलीच नव्हती. बुडाशी दगड, भोवती दोरखंड. शाकेरचे तळवे सोललेले होते.

"स्वतःचं सोडून हे वाचवलंस? आणि बाबांना चाललं?"

"त्यांना सांगितलं... ती परकी राहणार नाही म्हणून." तो पाण्याकडे बघत होता. "म्हणजे... तू हो म्हणालीस तर."

"मला विचारायच्या आधी वडिलांना सांगितलंस?"

"हं... चुकलंच."

"ही नोंदींची पाटी धर," मी ओरडले आणि पाण्यात वाकले. डोळे का भरले होते कोण जाणे, कोंब दोनदा मोजावे लागले. "लिही. नवे कोंब नऊ."

"नऊ. पुढे?"

"पुढे लिही... हो."