एकमेकांचं पाणी

त्यानं मला दोनदा मोजलं.

बसमधून उतरून आम्ही सगळे वाळूच्या कडेला उभे होतो आणि आमचा वाटाड्या बोट नाचवत माणसं मोजत होता. "सत्तावीस," तो म्हणाला. आम्ही सव्वीसच होतो. दर तीन वर्षांनी आमचं अख्खं घराणं कुठेतरी एकत्र जमतं, आणि थोरल्या काकांची यादी कधीही चुकत नाही.

"मला दोनदा धरलंत," मी म्हणाले.

"कशावरून?"

"दोन्ही वेळा माझ्यापाशी अडलात."

तो चक्क लाजला. त्याच्या चष्म्याची एक काडी वाकली होती आणि चष्मा सारखा नाकावरून घसरत होता. मी डोळे तपासते, चष्मे बनवते. बारका पेचकस पर्समध्ये कायम असतो. दोन मिनिटांत काडी सरळ करून दिली.

"आता नीट दिसताय," तो म्हणाला... आणि जरा जास्तच बोललो असं वाटून भराभर पुढे निघाला.

खरा खटका उडाला पाण्यावरून. आमच्या घराचा नियम आहे – चालताना स्वतःचं पाणी स्वतः उचलायचं नाही. आजोबांनी घालून दिलेला. त्यांची चारही मुलं भांडून, रुसून पुढे निघून जायची. मग आजोबांनी एकाची बाटली दुसऱ्याच्या पिशवीत टाकायला सुरुवात केली. तहान लागली की झक मारत बोलावं लागायचं.

"वाळवंटात ज्याचं पाणी त्याच्या पाठीवर," वाटाड्या म्हणाला.

"आमच्या घरात नाही," काका म्हणाले. अर्थात काकांचंच चाललं.

आत्याचा गुडघा दुखतो, म्हणून तिच्या पाठीवर काही द्यायचं नव्हतं. तिची बाटली मी घेतली. बाकीच्यांच्या जोड्या लागल्या आणि माझं पाणी उचलायला कुणी उरलं नाही.

"माझ्याकडे द्या," वाटाड्या म्हणाला. "माझी तुम्ही घ्या."

त्या दिवशी मला जेवढी तहान लागली तेवढी जन्मात लागली नव्हती. दर दहा मिनिटांनी मी त्याला हाक मारत होते. तोही काही कमी नव्हता. संध्याकाळपर्यंत मला कळून चुकलं की हा माणूस मला आवडलाय, आणि उद्या दुपारी बस आहे. इतरांच्या बाजूनं मी तावातावानं भांडते, पण स्वतःचं काही सांगायचं म्हटलं की दातखीळ बसते. मागे एकाला आज सांगू, उद्या सांगू करत राहिले आणि शेवटी त्याच्या लग्नात जेवून आले.

पहाटे मी एका खडकाआड जाऊन बसले. देवाशी माझं बोलणं मोजकंच असतं. म्हटलं, या वेळी तोंड उघडायचं बळ दे, बाकी माझं मी बघते. मग नुसतीच बसून राहिले. गार वाळू, वारा नाही, मन निवांत. डोळे उघडले तेव्हा सगळे निघायच्या तयारीत होते आणि वाटाड्या सगळ्यांना बुटांच्या नाड्या सोडून पुन्हा बांधायला लावत होता.

"नाड्या सैल होत्या?" मी विचारलं.

"नाही हो. तुम्ही बसला होतात ना... म्हटलं, घाई कशाला."

"तुम्ही करता प्रार्थना?"

"मी नुसती हजेरी लावतो. रोज, सूर्य वर येताना. मागायचं काही सुचत नाही." तो थांबला. "आज सुचलं."

मी काय ते विचारायला हवं होतं. नाही विचारलं.

पुढे वाट फुटली. आत्याचा गुडघा सुजला होता, म्हणून मी तिला घेऊन सपाट वाटेनं निघाले. रस्ता समोर दिसतच होता. बाकीचे वाटाड्यामागून टेकडीवरून येणार होते. रस्त्याला लागल्यावर लक्षात आलं, त्याची बाटली माझ्याकडेच राहिली आणि माझी त्याच्याकडे. आत्याची तर केव्हाच संपली होती.

"पी की त्यातलं," आत्या म्हणाली.

"त्यांना न विचारता?"

"अगं, पाणी आहे ते, दागिना नाही!"

तरी माझा हात होईना. दोन तासांनी तो सगळ्यांना घेऊन आला. ओठ पांढरे पडलेले, आणि माझी बाटली सकाळी दिली तशी भरलेली.

"प्यायला नाहीत?" मी ओरडलेच. "एवढी माणसं तुमच्या भरवशावर! घेरी येऊन पडला असतात म्हणजे?"

"तुमचं होतं ते. आणि तुम्ही?"

मी त्याची बाटली पुढे केली. तीही भरलेलीच.

"एकाला झाकावा आणि दुसऱ्याला काढावा," आत्या म्हणाली.

आम्ही बाटल्या बदलल्या आणि घटाघटा प्यायलो. तेवढ्यात बस आली. काकांनी सगळ्यांना आत कोंबलं. मी पायरीवर पाय ठेवला... आणि परत खाली उतरले.

"मला तुम्ही आवडलात," मी म्हणाले. आवाज अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "हे न सांगता मला जायचं नव्हतं."

बसच्या एकूण एक खिडकीत डोकी आली. तो माझ्या बाजूनं सरळ पायरी चढून काकांसमोर जाऊन उभा राहिला.

"काका, तुमच्या या मेळाव्यात बाहेरची माणसं चालतात?"

"नाही चालत," काका म्हणाले. काकांनी सावकाश चष्मा पुसला. "पण पुढचा मेळावा तीन वर्षांनी आहे. तोवर घरातलं होता येतं."

बसमध्ये हा गलका झाला. मी खालूनच, रडू आवरत म्हणाले, "रविवारी घरी या."

तो वळला. "शनिवारी आलो तर चालेल?"