दुसऱ्या मजल्यावरचं पाणी

"किती उशीर! चल, गाडी काढ. बायका केव्हाच्या कुडकुडतायत."

वेंग त्याला एवढंच म्हणाली होती, तेही नीट न बघता. एका काखेत घोंगडी, दुसऱ्या हातात भाताचं पातेलं, दातांत किल्ल्या... अशा अवतारात कोण कुणाकडे नीट बघतं? नोव्हेंबरची सकाळ. खाडीवरचं धुकं कॅलिफोर्नियातल्या वालेहो गावच्या चर्चच्या सभागृहाच्या पायरीपर्यंत चढून आलं होतं, आणि त्या धुक्यातून पांढरी बारा माणसांची व्हॅन घेऊन एक उंच पोरगा उतरला होता. त्याने एकदा सभागृहाच्या दाराकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या हातातलं पातेलं घेतलं आणि म्हणाला, "बसा."

अडीच तास त्याने मुकाट्याने गाडी हाकली. बदामाच्या बागा मागे पडल्या, तारेचं उंच कुंपण आलं, आणि त्या लांबलचक राखाडी इमारतीसमोर गाडी थांबली तेव्हा क्लेमेन्सिया मावशींचा फोन वाजला. मावशी म्हणजे निवृत्त नर्स आणि समितीच्या सर्वेसर्वा. फोनवर ठरलेला ड्रायव्हर होता. सभागृहापाशी उभा राहून विचारत होता, बायका कुठे गेल्या?

सगळ्या माना पुढे वळल्या.

"मग तू कोण रे?" मावशी म्हणाल्या.

"जोनेल. फ्रीज दुरुस्त करायला आलो होतो."

"अरे, मग तोंड शिवलं होतं का तुझं?" वेंग उसळली.

"तू बोलू दिलंस कुठे? आणि..." तो आरशातून तिच्याकडे बघून हसला, "इतक्या हक्काने मला आजवर कुणी रागावलं नव्हतं."

तिकडे सभागृहाच्या फ्रीजमधले मासे एकूण एक वितळले. मावशींनी आठवडाभर त्याचा उद्धार केला. पुढच्या शनिवारी मात्र ठरलेल्या ड्रायव्हरच्या आधी तोच हजर!

वेंगचे बाबा त्या राखाडी इमारतीत कैदेत होते. बेनिग्नो दुम्लाव, हाडाचे सुतार, सत्तावीस वर्षं कॅलिफोर्नियात. वर्षातून एकदा स्थलांतरितांच्या सरकारी कचेरीत हजेरी लावायची, सही करायची, घरी यायचं. त्या वर्षी सही झाली, घरी येणं झालं नाही. वीस वर्षांपूर्वी एक मारामारी केली होती, तिची शिक्षाही भोगून झाली होती. तीच फाईल उकरून त्यांना फिलिपीन्सला परत धाडायचं घाटत होतं. सुनावणी मार्चमध्ये होती. आत त्यांच्यासारखे आणखी सात जण होते, आणि त्यांच्या बायकांकडे ना गाडी होती ना लायसन्स. म्हणून समिती, आणि म्हणून शनिवारची गाडी.

समितीचं काम म्हणजे चिवटपणा, दुसरं काय! म्हाताऱ्यांची सेवा करणाऱ्या बायका सकाळच्या चहाच्या सुट्टीत लोकप्रतिनिधीच्या कचेरीत फोन लावायच्या. रोज तेच गाऱ्हाणं, रोज तोच कारकून. शेवटी त्या बिचाऱ्याला मावशींच्या गुडघेदुखीचीसुद्धा इत्थंभूत माहिती झाली. वेंग स्वतः एका म्हाताऱ्या जोडप्याकडे कामाला होती. तिथून सुटली की ती दारोदार हिंडून बाबांसाठी शिफारसपत्रं लिहून आणायची. न्यायाधीशासमोर ठेवायला.

आणि जोनेल? पिण्याच्या पाण्याचे मोठे कॅन तो दुकानातून भरून आणायचा आणि खांद्यावरून दुसऱ्या मजल्यावर चढवायचा. वेंगच्या आईची, फेलिसाबाईंची, कंबर धरलेली. बाबा असताना हे काम बाबांचं होतं. कॅन ठेवून झाला की तो उगाच दारात रेंगाळायचा.

"आणखी काही?"

"काही नाही."

"नळ गळतोय वाटतं..."

"नाही गळत."

"बरं. गळायला लागला की सांग."

तो जिना उतरला की वेंग खिडकीशी जायची. का, ते तिने स्वतःलाही विचारलं नव्हतं.

फेब्रुवारीत फेलिसाबाई म्हणाल्या, "आज जोनेललाही आत घेऊ या. ह्यांना त्याला बघायचंय."

भेटीच्या खोलीत मध्ये जाड काच, आणि बोलायला एकच फोन. एकाने ऐकायचं, बाकीच्यांनी ओठांकडे बघत बसायचं. बाबांनी खूण केली, तसा जोनेलने फोन कानाला लावला. वेंगला त्याचं तेवढं ऐकू येत होतं.

"हो काका... नोव्हेंबरपासून... नाही, जड नाही वाटत. म्हणजे... दुसऱ्या मजल्यावर जरा वाटतं."

काचेपलीकडे बाबा हसले! चार महिन्यांत पहिल्यांदा. वेंगला हसावं की रडावं कळेना.

परतीच्या वाटेवर मावशींनीच त्याला सांगितलं. "तुला ठाऊक नाही? अरे, आमच्या गावाकडची रीत आहे ती. मुलगी हवी असेल तर तिच्या घरी राबायचं. पाणी भरायचं, लाकडं फोडायची. तोंडाने ब्र काढायचा नाही. मुलीचा बाप 'पुरे' म्हणाला की काम झालं! आख्खं वालेहो तीन महिने तुझ्याकडे बघतंय, पोरा."

गाडीत एकच खिदळणं उसळलं. जोनेल वालेहोतच जन्मलेला, आई लहानपणी गेलेली. त्याला कोण सांगणार असल्या रीती? त्याने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि सरळ उतरून बदामाच्या बागेत जाऊन उभा राहिला. झाडं नुकती फुलली होती. अजूनही बदाम फुलले की वेंगला ती दुपार आठवते... पायाखाली पांढऱ्या पाकळ्यांचा सडा, आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झालेला तो.

"गैरसमज झालाय त्यांचा," ती मागोमाग पळत येऊन धापा टाकत म्हणाली. "उद्यापासून पाणी मी आणीन. तू मोकळा आहेस."

"तुला काय वाटलं, मी कशासाठी आणत होतो?"

"जोनेल... नको. बाबा घरी येईपर्यंत मला असलं काही ऐकायचं नाही."

तो एक पाऊल जवळ आला. मग तिच्या केसांतली एक पाकळी त्याने अलगद काढली.

"बरं. नाही बोलत. रीतच आहे ना... तोंडाने बोलायचं नाही."

सुनावणीला मावशींचा हुकूम होता की सगळ्यांनी कामाच्या कपड्यांत यायचं. नर्सिंगच्या निळ्या-हिरव्या कपड्यांतल्या बाया, हॉटेलातले आचारी, पायाला रंग लागलेले सुतार. बाकावर जागा उरली नाही. वकिलाने पत्रं वाचून दाखवली. एका पत्रात होतं, "मी ह्यांना काचेतून एकदाच भेटलोय. पण त्यांच्या घरी पाणी पोचवताना शेजारपाजारची किती कपाटं, किती पाळणे त्यांनी बनवलेत ते मला दाखवलं गेलं. त्यांची जागा मी फक्त सांभाळतोय. ती माझी नाही. त्यांना परत द्या." वेंगने मागे वळून पाहिलं नाही. तिला माहीत होतं तो कुठे बसलाय.

इतकं होऊनही निकाल विरोधात गेला.

फेलिसाबाईंनी नवऱ्यापाठोपाठ जायचं ठरवलं. वेंगनेही ठरवलं. म्हाताऱ्या आईबापांना एकटं कसं सोडायचं? तिच्याकडे पक्की कागदपत्रं होती, नोकरी होती, पण मन लागणार होतं का? जोनेलला तिने शेवटच्या भेटीच्या दिवशी गाडीतच सांगितलं. त्याने मान हलवली आणि पुढचा सबंध रस्ता गाडी फार सावकाश चालवली.

काचेपुढे फेलिसाबाई आधी बोलून घेऊन डोळे टिपत बाजूला झाल्या. वेंगने फोन घेतला आणि जोनेलला जवळ ओढलं. दोघांच्या कानांत मिळून एकच फोन. त्याचा गाल तिच्या गालाला लागला, त्याचा श्वास तिला ऐकू येत होता.

"बाबा, मी तुमच्याबरोबर येतेय. म्हणून... ह्याला 'पुरे' म्हणा. ह्याला मोकळं करा."

बाबांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग म्हणाले, "तुला तो नकोय?"

मुलीने बापासमोर असं बोलायचं नसतं. त्यातून तो शेजारी, इतका जवळ...

"हवाय," वेंग म्हणाली. "फार हवाय, बाबा." आणि तिला रडू फुटलं.

"मग मी 'पुरे' म्हणणार नाही." बाबांनी कपाळ काचेला टेकवलं. "मागे एका शनिवारी गाडी बंद पडून तुम्ही कुणीच आला नाहीत ना, त्या दिवशी आतले सातही जण भिंतीकडे तोंड करून बसले होते. कुणी जेवलं नाही. मी पाहिलंय. तू माझ्यामागे आलीस तर त्या बायकांना कोण आणणार? हा एकटा? ह्याला तर कुणीही रागावून कुठेही घेऊन जाईल!"

जोनेल रडता रडता हसला. ते सगळं वेंगच्या गालाला कळलं.

"काका, मी राबेन. कायम राबेन. पण ही..."

"तिला विचार. आता तोंडाने बोललास तरी चालेल."

वेळ संपली. पहारेकऱ्याने बाबांच्या दंडाला धरलं. फोन बंद झाला होता, तरी तो कानाला तसाच धरून जोनेल पुटपुटला, "वेंग, थांबशील?"

"थांबीन," ती म्हणाली. काचेपलीकडे बाबा मागे वळून वळून बघत चालले होते. ते दार बंद होईपर्यंत तिने डोळे पुसले नाहीत, हात हलवत राहिली.

बाबांना मंगळवारी नेलं, आई जूनमध्ये त्यांच्यामागे फिलिपीन्सला रवाना झाली. वेंग आणि जोनेलचं लग्न सप्टेंबरमध्ये त्याच सभागृहात झालं. मावशींनी मासे केले, बाबांनी फोनवरून आशीर्वाद दिला, आणि आईच्या आठवणीने वेंग दोनदा मोरीत जाऊन रडून आली. शनिवार सोडून हे शुक्रवारी कसलं लग्न, असं पाहुणे विचारत होते.

शनिवारी कसं करणार? सकाळी सहाला गाडी होती.