एकादशीचं शिबिर

देवळाची वाट विचारायला सेजलनं गाडीची काच खाली केली, तर रस्त्यावर चिटपाखरू नाही. तेवढ्यात वरून आवाज आला, "डावीकडे वळा. रक्त न्यायला आला असाल तर जरा लवकर वळा."

तिनं मान वर केली. विजेच्या खांबावर एक तरुण, आंब्याच्या फांदीवर बसावं इतक्या आरामात, कर्णा बांधत होता. तो खाली बघून हसला. बरा हसतो की... असं तिच्या मनात आलं आणि तिनं घाईघाईनं काच वर केली.

सेजल दिचोलीची, रक्तपेढीत तंत्रज्ञ. खांबावरचा तो साईश. वीज खात्यात लाइनमन आणि पेडण्यातल्या ह्या वाड्यावरच्या भजनी मंडळाचा पखवाजवाला. नुसतं तोंडानं नाम घेऊन भागत नाही, हातूनही काही सेवा घडायला हवी, हे खूळ त्याचंच. मंडळाचे अध्यक्ष कृष्णनाथकाका म्हणत, भजन ते भजन आणि इस्पितळ ते इस्पितळ, उगाच कशाला कालवायचं? साईश त्यांच्या मागे हात धुऊन लागला तेव्हा कुठं हे रक्तदान शिबिर पदरात पडलं. पण काकांनी बजावलं होतं... एकदाच. फसलं तर पुन्हा नाव काढायचं नाही.

आणि ते फसलंच की हो! मंडप माणसांनी भरलेला, खाटा मांडलेल्या. डॉक्टरांनी पहिल्याला विचारलं, काय खाऊन आलात? काही नाही. दुसरा? तोही उपाशी. सगळ्यांचीच एकादशी. शिवाय वाड्याची रीत अशी की संध्याकाळी देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय फराळाला कोणी बोट लावायचं नाही. उपाशी माणसाचं रक्त घ्यायचं कसं? रक्तपेढीच्या कॅलेंडरात एकादश्या नसतात, म्हणून तिकडेही कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"तारीख कोणी काढली?" सेजलनं विचारलं.

"मी," साईश म्हणाला. "एकादशीला सगळा वाडा देवळात असतो."

"आणि सगळा वाडा उपाशी असतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

त्याचा चेहरा असा पडला की बोललेलं परत घ्यावं असं तिला वाटलं. डॉक्टर सामान आवरायला सांगू लागले. एवढा जीव का टाकतोय हा माणूस? तिला राहवेना. ती सरळ कृष्णनाथकाकांसमोर जाऊन उभी राहिली. नैवेद्य संध्याकाळीच दाखवायचा हे देवानं सांगितलंय, की आपणच ठरवलंय, एवढंच तिनं अदबीनं विचारलं.

काकांनी तिला आपादमस्तक न्याहाळलं, मग उठले आणि देवापुढे हात जोडून त्यांनी गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, आज तुझी लेकरां उपाशी आसत आनि थंय कोणाक तरी रगत होया. ह्यो फराळ तुझो म्हणान ती आताच खातत. चूकभूल झाली तर पदरात घे, आनि ह्यांच्या रगतान कोणाचो तरी जीव वाचव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळा मंडप म्हणाला.

मग काय विचारता! साबुदाण्याची खिचडी आली, उकडलेली रताळी आली, केळ्यांचे घड आले. माणसं जेवली, जरा टेकली आणि एकामागून एक खाटांवर आडवी झाली. पहिला हात काकांनीच पुढे केला होता, पण डॉक्टरांनी वय विचारून त्यांना प्रेमानं परत पाठवलं, त्याचा त्यांना केवढा राग आला.

साईश मात्र खाट रिकामी झाली की गायब. सेजलच्या नजरेतून ते सुटलं नाही. शेवटी तो देवळामागच्या तळीच्या पायऱ्यांवर सापडला.

"मला... सुईची भीती वाटते," तो पाण्याकडे बघत म्हणाला.

"खांबावर चढता आणि सुईला घाबरता?"

"खांब टोचत नाही." तो हसला, पण हसू टिकलं नाही. "गेल्या वर्षी आईला रक्त लागलं. मी खाटेपर्यंत गेलो आणि पळून आलो. कुणी दोन अनोळखी माणसांनी दिलं, म्हणून आई आहे. ती फेड कशी करायची... म्हणून हे सगळं."

"चला," ती म्हणाली. "सुईकडे नाही, माझ्याकडे बघायचं."

खाटेवर आडवं होऊन त्यानं बघितलं. त्याचं लक्ष गुंतावं म्हणून ती काहीबाही सांगत राहिली... रोज सकाळी दिचोलीच्या स्टँडवर बस धरते, बस कधी वेळेवर येत नाही, असलंच काहीतरी.

"झालं?" त्यानं विचारलं.

"केव्हाच."

"मग हात का धरलाय?"

"चक्कर येईल म्हणून."

"कोणाला?"

ती कानापर्यंत लाल झाली. निघताना तो गाडीपर्यंत आला आणि म्हणाला, सगळ्यांना खायला लावलंत आणि स्वतः सकाळपासून उपाशी, तुम्हाला आयतीच एकादशी घडली की. तेव्हा कुठं तिला आठवलं, खरंच, पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. पण ह्यानं ते बघितलं कधी?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दिचोलीच्या स्टँडवर आली, तर समोर साईश. हातात डबा.

"आज खाली कसे?" तिनं विचारलं.

"एकादशी घडली की द्वादशीला पारणं सोडावं लागतं. आईनं मोड आलेल्या मुगांची मुगागाठी आणि पुऱ्या दिल्यात. पारणं एकट्यानं सोडू नये म्हणाली..." तो अडखळला. "आणि मलाही नाही सोडायचं. एकट्यानं."

बस आली. आज नेमकी वेळेवर. कंडक्टरनं हाक मारली. सेजलनं बसकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं आणि बाकावर सरकून त्याला जागा केली. बस निघून गेली. पुरीचा पहिला घास तिनं सावकाश खाल्ला.

"पुढची एकादशीही मी धरणार आहे," ती म्हणाली.

"का?"

"म्हणजे द्वादशीला तू येशील."