थापाध्यक्ष आणि पुसोबा

तो पहिल्यांदा आला तो पाणी मागायला. हातात चुन्याची बादली, भुवयांवर पांढरे शिंतोडे, आणि त्याच्या मागे समोरच्या भिंतीवर मोठ्ठ्या काळ्या अक्षरांत – थापाध्यक्ष!

मी तांब्या पुढे केला, पण नजर त्या भिंतीवरच, निम्मं पाणी त्याच्या पायांवर. कारण ते नाव मीच ठेवलेलं होतं.

नावं ठेवायची खोड मला लहानपणापासूनच. रेडिओवर राष्ट्राध्यक्षांचं भाषण चालू होतं, तीच जुनी आश्वासनं. रंग ढवळता ढवळता मी आत्याला म्हटलं, हे कसले राष्ट्राध्यक्ष, हे तर थापाध्यक्ष. आमच्या पाट्या रंगवायच्या दुकानात बसलेली कॉलेजची पोरं खो खो हसली आणि म्हणाली, ताई, याचा एक साचा कापून द्या ना. दिला कापून, पत्र्यात, माझ्याच वळणाच्या अक्षरात. अक्कल गहाण पडली होती, दुसरं काय! बघता बघता ते नाव मोर्चाच्या तोंडी आणि गावभर भिंतींवर. मग कोपऱ्यावरच्या शिंप्याला नुसतं ते मोठ्यानं वाचलं म्हणून उचलून नेलं. तो अजून परतला नाही. तेव्हापासून गल्लीत कोणी हसत नाही.

"नगरपालिकेचा माणूस आहे मी," तो म्हणाला. "रोज पुसतो, रोज उगवतं." मग त्याची नजर माझ्या अर्धवट पाटीवर गेली. 'शुद्ध दूध'. ध च्या पोटात मी एक छोटासा वळसा घेते, त्याच्याकडे तो बघतच राहिला. "ओळखीचा वाटतो हा ध..."

मी पाटी भिंतीकडे वळवली. तो मात्र तांब्या ठेवून निघून गेला.

आत्यानं निकाल दिला, खबऱ्या असणार मेला, तोंड उघडू नकोस. पण तो रोज यायचा. मला त्याची भीती वाटायची आणि तो यायला उशीर झाला तर त्याहून जास्त भीती वाटायची. याला काय म्हणायचं?

"घरी नळ नाही वाटतं?" एकदा मी विचारलंच.

"आहे की. पण तो बोलत नाही." तो हसला. "मला काय नाव ठेवलंत? ठेवल्याशिवाय राहिला नसाल..."

याला सगळं कळलंय? "पुसोबा," मी कसंबसं म्हटलं, आणि तो इतका हसला की चुना उंबऱ्यावर हिंदकळला. एवढ्या दिवसांत गल्लीनं ऐकलेलं ते पहिलं हसू. मीही हसले आणि लगेच बाहेर डोकावून बघितलं.

मग एका दुपारी तो बादलीशिवाय आला. "उद्या सकाळी तपासाला साहेब येणार आहेत," तो हळूच म्हणाला. "भिंतींचे फोटो घेऊन. दुकानांच्या पाट्यांशी अक्षर ताडून बघणार."

"मला का सांगता?"

"असंच..." म्हणाला, आणि खाली मान घालून गेला.

गल्लीतली एकूण एक पाटी माझ्या हातची! दूधवाल्याची, औषधांच्या दुकानाची, न्हाव्याची. पळायचं तर कुठे? आत्यानं दुकानातले सगळे नमुने चुलीत घातले, माझे कपडे पिशवीत भरले, परत काढले, परत भरले. बाहेरच्या पाट्यांचं काय करायचं ते मात्र दोघींनाही सुचेना.

सकाळी दार उघडलं तर गल्ली पांढरी. या टोकापासून त्या टोकापर्यंत! दूध नाही, औषधं नाहीत, आमच्या दुकानाचं नावसुद्धा नाही. राष्ट्राध्यक्षांच्या हसऱ्या फलकाखालची घोषणाही गायब. दुकानदारांचा नुसता कल्ला. आणि मध्ये तो, नखशिखांत चुन्यात, साहेबांसमोर उभा.

"हुकूमच होता ना साहेब," तो भोळेपणानं सांगत होता. "गल्लीत एकही अक्षर दिसता कामा नये. रोज वाचून दाखवतात आम्हाला."

साहेबांनी त्याच्या कानाखाली वाजवली. मी दाराची चौकट घट्ट धरली. साहेब आमच्या दुकानात आले, कोऱ्या पाट्या उलट्यासुलट्या करून बघितल्या, माझ्याकडे बघितलं... आणि हातातले फोटो तसेच घेऊन गेले. तेव्हा कुठे मी चौकट सोडली.

त्याची नोकरी त्याच दिवशी गेली. संध्याकाळी तो दारात आला. गालावर बोटं उठली होती.

"पाणी?" मी विचारलं.

"काम मिळेल का? गल्लीच्या सगळ्या पाट्या नव्यानं रंगवाव्या लागतील म्हणे. कुणा गाढवानं पुसल्यात."

"का केलंत असं?"

"रात्री तुमचं अक्षर पुसायला हात वर होईना माझा, पण ठेवलं असतं तर तुम्हाला नेलं असतं..." तो थांबला. "तेव्हाच कळलं मला. आवडता तुम्ही."

मला रडूच आलं. आत्या आतून खाकरली, पण बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दूधवाल्याची पाटी घेतली. शिंप्याच्या दाराला अजून कुलूप होतं. पुसोबानं शिडी धरली, मी कुंचला टेकवला आणि सवयीनं वळसा घ्यायला निघाले...

"तो नको," तो खालून कुजबुजला. "साधा काढा. सगळ्यांसारखा."

मी साधा ध काढला. परक्या घरचा वाटत होता. "वाईट दिसतो हो," मी म्हटलं.

"दिसू दे. तो जुना घरी काढा, माझ्यासाठी."

"कुठल्या घरी?"

त्यानं आधी गल्लीत दोन्ही बाजूंना बघितलं, कोणी ऐकत तर नाही ना म्हणून.

"आपल्या," तो म्हणाला.